ताब्यातला माल

मूल
१८ जून २०२४

उर्वशी,

फोन लागत नाही म्हणून कागद घेऊन बसलोय. बसल्यावर लक्षात आलं, दहावीच्या पेपरानंतर मी ट्रकमालाच्या बिल्टीशिवाय काही लिहिलेलंच नाही. अक्षराला हसू नको. तुमच्या कोहकाटोल्यात टॉवर उभा राहून दोन वर्षं झाली, कावळ्यांची सोय झाली तेवढीच. हे पत्र हेमराज कंडक्टरजवळ देतो. तो बस तुझ्या दवाखान्यासमोर थांबवतो म्हणाला. सावलीला काकू, तुझी आई, मजेत आहे, मागच्या आठवड्यात जाऊन आलो. तुझं लग्न मी का जमवत नाही म्हणून शिव्या मात्र मला खाव्या लागल्या.

आता कामाचं. राजदीप शेठच्या कंपनीनं दिवाळं काढलं. बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं झालं. तुमच्याकडच्या सात टोल्या-पाड्यांचा विडीचा तेंदूपत्ता त्यानं ग्रामसभांकडून घेतला, माझ्या ट्रकांनी तो जंगलातल्या फडांवरून काढून तुझ्या गावच्या जुन्या धानगोदामात आणला. तिथून तो गोंदियाला जायचा होता. मागच्या वर्षीचं भाडं आधीच अडकलेलं, यंदाचंही त्यानं दिलं नाही. आता कोर्टानं कंपनीवर एक माणूस नेमलाय. सगळे बँकवाले त्याच्या दारात रांगेत उभे आहेत. त्या रांगेत तीन ट्रकवाल्या धनराजचा नंबर कुठे लागणार, तूच सांग.

चंद्रपूरच्या रंजीता वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी मला एक शब्द शिकवला, धारणाधिकार. ज्यानं माल वाहिला त्यानं त्या मालाचं भाडं मिळेपर्यंत तो धरून ठेवायचा. मागच्या वर्षीचं विसरा म्हणाल्या, पण यंदाच्या पानासाठी हा हक्क आहे, आणि बँकेलाही तो सहजासहजी ओलांडता येणार नाही. अट एकच. माल आपल्या ताब्यात पाहिजे. ताबा सुटला की हक्कही गेला. विकायचा मात्र नाही, कोर्टाच्या माणसानं तशी चिठ्ठी पाठवली आहे. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण उर्वशी, हे पान हातून गेलं तर दसऱ्याच्या आत फायनान्सवाला माझे तिन्ही ट्रक ओढून नेईल. मग मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर.

गोदाम मी भाड्यानं घेतलंय, कुलूप माझं आहे. झिंगूभाऊला राखणीला ठेवलंय. माझ्या बाबांपासूनचा माणूस, मला गिअर टाकायला त्यानंच शिकवलं, आणि त्याचा टोला तिथून कोसभरच. त्याला वाचता येत नाही. माझी पत्रं त्याला वाचून दाखवत जा, तो काय म्हणतो ते लिहीत जा. शेवटच्या खेपेचा रिकामा ट्रकही चिखलामुळे नाल्यापलीकडे तुमच्याच गावात अडकलाय, त्याच्यावरही नजर असू दे.

तुझा,
धनराजभाऊ


कोहकाटोला
२७ जून २०२४

धनराजभाऊ,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण वाचता आलं. झिंगूभाऊंना वाचून दाखवलं. ते उभे राहून ऐकत होते, जणू तूच समोर आहेस. शेवटी एवढंच म्हणाले, “मालकाले सांग, झिंगू हाये तोपर्यंत एक पान नाई हालत.”

तुला वाटतं तितकं हे सोपं नाही, ते आता सांगते. तू कुलूप लावून गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी चार टोल्यांच्या बाया आल्या. चाळीसेक असतील. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. काही नाही. गोदामासमोर बसल्या, तास-दीड तास बसल्या. मग उठून एकेकीनं शटरवर तळहात ठेवला आणि चालू लागल्या. मला इथे नोकरीला आठ वर्षं झाली. इथे भांडण झालं तर मी घाबरत नाही, दुसऱ्या दिवशी तीच माणसं लसीकरणाला येतात. पण ही शांतता मला बरी वाटली नाही.

त्यांनाही पानाचा पैसा मिळालेला नाही, हे तुझ्या पत्रात कुठेच नव्हतं. राजदीप शेठनं तुला बुडवलं तसं त्यांनाही बुडवलं. झिंगूभाऊंची सुकरीबाई त्यांतलीच. मे महिनाभर लेकीला घेऊन तिनं पान तोडलं. आता रोज आंबील घेऊन येते आणि उंबऱ्याबाहेर ठेवते, कारण नवरा तिला आत येऊ देत नाही. काल माझ्यासमोर ती त्यांना म्हणाली, “पान म्या तोडलं, अन् माल मालकाचा काऊन?” झिंगूभाऊ खाली बघत जेवले. ते पडवीत झोपतात. तिथून शटर दिसतं आणि वाराही लागतो.

आणखी एक, मला नीट कळलेलं नाही पण बाया म्हणतात म्हणून लिहिते. मे महिन्याच्या शेवटी वादळाचा पाऊस झाला तेव्हा पान फडावर वाळत होतं. कंपनीच्या मुन्शीला घाई होती, पुन्हा वाळू न देताच त्यानं पोती भरून घेतली. सोनीबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं चाळीस हंगाम बघितलेत. ती म्हणते, “ओलं पान दाबून ठेवलं का तपते. थप्पी मोडून उलटून द्या लागते.” कुलूप उघडा, आम्ही फुकट उलटून देतो, असं त्यांचं म्हणणं आहे. तू काय ते कळव.

आईला सांग, लग्न जमवायला इथे माणसापेक्षा डास जास्त आहेत.

उर्वशी


मूल
५ जुलै २०२४

उर्वशी,

फुकट उलटून देतो म्हणे. चाळीस बाया चाळीस पोती डोक्यावर घेऊन अंगणात जातील, आणि संध्याकाळी मोजायला बसलं तर वीस निघतील. मी त्यांना चोर म्हणत नाही. त्यांचा पैसा अडकलाय, माणूस आपल्या घामाकडे हात लांब करणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. पण म्हणूनच मला कुलूप उघडता येत नाही.

वकीलबाईंशी पुन्हा बोललो. दुसऱ्याचा हात मालाला लागता कामा नये. आज उलटायला दिला तर उद्या कोर्टात बँकेचा वकील उभा राहील आणि म्हणेल, बघा, माल गावाच्या हाती होता, कसला ताबा आणि कसला हक्क. एक पोतं उंबऱ्याबाहेर गेलं तर मी सगळ्या सहाशे पोत्यांना मुकेन.

म्हणून झिंगूभाऊला नीट वाचून दाखव.

भिंतीच्या वर ज्या जाळ्या आहेत, त्यातून हात घालून पान ओढता येतं. त्या विटा लावून मातीनं लिंपून टाकायच्या. पाऊसही आत यायचा नाही. आणि पडवीत झोपणं बंद. शटर आतून ओढून आतच निजायचं. ताबा म्हणजे आपला माणूस मालाजवळ पाहिजे, वकीलबाईंचं तसं म्हणणं आहे. पडवीत निजला तर त्याचे सगेसोयरे येऊन गप्पा मारत बसतील, आणि सगळे त्याचेच सगे आहेत. चावी त्याच्या करगोट्याला असू दे, सुकरीबाईच्या पदराला नको.

त्याला वाईट वाटेल असं वाचू नको, पण सगळं वाच.

धनराज


कोहकाटोला
१६ जुलै २०२४

भाऊ,

सगळं वाचलं. त्याच दिवशी दुपारी झिंगूभाऊंनी स्वतः शिडी लावून आठही जाळ्या बंद केल्या. माती मळून हातानं लिंपली. खाली बाया उभ्या राहून बघत होत्या. सोनीबाई काहीतरी गोंडीत म्हणाली. मी सुकरीला अर्थ विचारला तर म्हणाली, “काई नाई, म्हातारी हाये.” मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, “श्वास बंद केला म्हणते.”

आता आठ दिवसांत जे दिसलं ते लिहिते. पाऊस थांबायचं नाव नाही. गावातल्या शेळ्या दरवर्षी शाळेच्या व्हरांड्यात शिरतात, मास्तर ओरडत असतात. यंदा सगळ्या शेळ्या गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून बसतात. कुत्रीही तिथेच. मी छत्री घेऊन बघायला गेले. भिंत कोमट आहे. पावसात भिजलेली भिंत, आणि कोमट. जवळ गेलं की विडीच्या कारखान्यासारखा वास येतो, त्यात थोडा गूळ करपल्यासारखाही.

झिंगूभाऊंची तब्येत बरी नाही. सकाळी डोकं धरून येतात. “मले डोकं लय दुखते बाई, अन् झोप पुरतच नाई. निजलो का उठावंच वाटत नाई.” दोनदा उलटीही झाली. या दिवसांत इथे डोकेदुखी म्हटलं की आमचा हात आधी मलेरियाच्या किटकडे जातो. बोट टोचलं, काही निघालं नाही. तरी ताप लपून असतो म्हणून लक्ष ठेवलंय, गोळ्या दिल्यात. गंमत म्हणजे रविवारी मी तासभर राखण केली आणि त्यांना आठवडी बाजाराला पाठवलं, तर माणूस हसत परत आला. डोकं उतरलं म्हणाले. सोमवारी सकाळी पुन्हा तेच.

पाणी उकळून प्यायला सांगितलंय. तू पान उलटण्याचं एकदा मनावर घे. मी स्वतः उभी राहीन, एकेक पोतं मोजून आत घेईन. माझ्यावर तरी विश्वास आहे ना.

उर्वशी


मूल
२२ जुलै २०२४

उर्वशी,

तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्या भोळेपणावर नाही.

नीट विचार कर. बाया सांगतात पान तापलं, मग शेळ्या भिंतीला बसतात, मग माझाच राखणदार आजारी पडतो, आणि सगळ्यांचं औषध एकच, कुलूप उघडा. बाजारात गेला की बरा, गोदामात आला की आजारी. अगं, बाजारात मोहाची मिळते. रात्री निजलो का उठावंच वाटत नाही, सकाळी डोकं, उलटी. ह्याला कोणता ताप म्हणतात ते तुला नर्स असून कळू नये? बाबांच्या वेळीही झिंगूनं पावसाळ्यात असंच केलं होतं. बाबांनी दोन दिवस उपाशी ठेवला, सरळ झाला.

कोमट भिंतीचं म्हणशील तर सहाशे पोती कोंडलेली आहेत, थोडी ऊब राहणारच. धानाच्या ढिगातही हात घातला तर गरम लागतो, आपण काय सावलीला पाहिलं नाही?

मी चिडून लिहितोय, कळतंय मला. काल फायनान्सचा पोरगा येऊन इथल्या दोन्ही ट्रकांचे फोटो काढून गेला. टायरसुद्धा मोजले. बायको बघत होती. रात्री ती जेवली नाही, मीही नाही. कोर्टाच्या माणसानं माझा दावा लिहून घेतलाय. आणखी दीड-दोन महिने माल माझ्या हाती आहे असं दाखवता आलं की भाडं निघेल, असं वकीलबाई म्हणतात. तेवढेच दिवस. त्याच्यापुढे पान सोनीबाई घेऊन जाऊ दे नाहीतर देव घेऊन जाऊ दे.

झिंगूला सांग, आत निजायचं म्हणजे आतच. आणि तू माझी बहीण आहेस की त्या टोल्याची, हेही एकदा मला कळव.

धनराज


कोहकाटोला
३० जुलै २०२४

भाऊ,

बस बंद आहे. नाल्याला छातीभर पाणी. गावातला मुखरू पोहून जातोय, त्याच्या डोक्यावर हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत जाईल. म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. दारूचं वाक्य गाळणार होते. पण तू म्हणाला होतास सगळं वाच, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तो संशय आला होता. वाचलं. झिंगूभाऊंनी चावी करगोट्यात नीट खोचली. मग म्हणाले, “पोरगी झाली तवापासून सोडली म्या. मालक इसरले असतीन.” त्यांच्या तोंडाला वास नव्हता. मी मुद्दाम जवळ बसले होते.

काल ते गोदामापासून माझ्या दवाखान्यापर्यंत आले. दोनशे पावलं नसतील. तीन ठिकाणी खाली बसले. पुन्हा किट केली, काही नाही. मग मी गोदामावर गेले. मागच्या भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. आता ती कोमट नाही, चटका देते. शेळ्याही तिथून उठून गेल्या आहेत.

मी त्यांना म्हटलं, आजपासून माझ्या दवाखान्यात निजा, खाट रिकामी आहे. ते म्हणाले, “मालकाचा कागद पायजे.” सुकरी रडली, लेक पाया पडली, पण ऐकत नाहीत. ते तुझ्या बाबांचं मीठ वगैरे काही बोलत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात, कागद पायजे.

मला दोन ओळी लिहून दे. एक, झिंगूभाऊंनी बाहेर निजावं. दोन, पान उलटू द्यावं. मुखरू उत्तर घेतल्याशिवाय परत येणार नाही, त्याला मी तसं सांगितलंय.

उर्वशी


मूल
४ ऑगस्ट २०२४

उर्वशी,

मुखरू काल संध्याकाळी आला. दोन दिवस चालत, एक दिवस गडचिरोलीत बससाठी थांबून. त्याला जेवू घातलं, नवी चप्पल दिली. तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो पण त्याच्या तोंडाकडे बघून मला रात्रभर झोप आली नाही.

तुझं म्हणणं ऐकतो. पान उलटू. पण रीतसर. वकीलबाईंना आजच फोन केला. १२ तारखेला मी, त्या आणि कोर्टाच्या माणसाचा एक कारकून असे तिघं येतो. नाल्याचं पाणी तोवर उतरेल, नाही उतरलं तर डोंग्यानं येऊ. पंचनामा करून कुलूप उघडू, पोती मोजू, बाया उलटून देतील, त्यांना मजुरीही देईन. म्हणजे ताबा सुटला असं कोणी म्हणणार नाही आणि तुझंही समाधान होईल.

झिंगूभाऊनं त्याच दिवसापासून खुशाल बाहेर निजावं, नाहीतर घरी जावं. त्याच्या जागी मी दुसरा माणूस आणतो. आठ दिवस राहिले आहेत. इतके काढले, आणखी आठ काढ म्हणावं. मोहाबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नको म्हणावं, डोकं ठिकाणावर नव्हतं.

धनराज


कोहकाटोला
९ ऑगस्ट २०२४

भाऊ,

झिंगूभाऊ गेले.

मुखरू ६ तारखेला संध्याकाळी तुझं पत्र घेऊन आला. मी लगेच जाऊन वाचलं. मोहाचं वाक्य ऐकून त्यांना बरं वाटलं, तोंड उजळलं. आठ दिवसांचं ऐकून म्हणाले, “आता सहाच तं राह्यले. निंगून जातीन.” आणि आत जाऊन शटर ओढून घेतलं. मी तिथेच उभी होते. मी त्यांचा हात धरायला हवा होता. तुझा कागद आला होता, मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

सकाळी सुकरी आंबील घेऊन गेली, हाक मारली, उत्तर नाही. गावातल्या सहा जणांनी पहार घालून शटर उचललं. ते थप्पीशेजारी घोंगडीवर कुशीवर झोपलेले होते. मी कितीतरी मेलेली माणसं बघितली आहेत, मला आधी वाटलं झोपलेच आहेत. ओठ आणि नखं तरण्या माणसासारखी लालसर होती. अंगही गरम होतं, पण ती ऊब त्यांची नव्हती, जमिनीची होती.

त्यांना उचलून अंगणात आणलं तोवर मागच्या थप्पीतून धूर निघाला. दार उघडल्यावर वारा आत गेला, आणि तास-दीड तासात सगळं गोदाम पेटलं. पाऊस पडत होता तरी पेटलं. विझवायला कोणी धावलं नाही. विझण्यासारखं नव्हतंच, पण मी खोटं कशाला सांगू, कोणी प्रयत्नही केला नाही. सगळे झिंगूभाऊंभोवती बसले होते आणि त्यांच्या मागे तो माल जळत होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. ते म्हणाले, ओलं पान पोटातून धुमसत होतं. ज्वाळ नाही, फारसा धूर नाही, पण कोंडलेल्या जागेत एक वायू साचतो, त्याला वासही नसतो. माणसाचं डोकं दुखतं, झोप येते, मोकळ्या हवेत गेलं की उतरतं. त्यांनी मला विचारलं, ह्यांना काही लक्षणं होती का. मी म्हटलं, हो. मी दोनदा मलेरिया तपासला, असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तू १२ तारखेला येऊ नको. आता मोजायला काही नाही.

उर्वशी


मूल
१४ ऑगस्ट २०२४

उर्वशी,

तुझं पत्र आल्यापासून मी ट्रान्सपोर्टच्या दुकानाचं शटर उघडलं नाही. ओढायला हात जात नाही.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं नाही. फक्त झिंगूभाऊ गेले म्हणून सांगितलं. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरायला दिलं होतं, मूल ते सावली. ते मला तेव्हाही मालक म्हणायचे. आता मी काय लिहू.

एक गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे, नाहीतर मला ती आतून खाईल. वकीलबाईंनी आत निजायचं कधीच म्हटलं नव्हतं. कुलूप तुमचं ठेवा, चावी तुमच्या माणसाजवळ ठेवा, गोदामाची भाडेपावती जपून ठेवा, बस, ताब्याला एवढं पुरतं, असं त्या म्हणाल्या होत्या. जाळ्यांचंही त्या बोलल्या नाहीत. ते दोन्ही माझ्या डोक्यातून निघालं. झिंगूभाऊ पडवीत असले की सुकरी येऊन बसेल, तिच्यामागून सगळा टोला, आणि एक दिवस त्यांचं मन पाघळेल, ही मला भीती होती. पंचवीस वर्षं ज्यानं माझ्या ट्रकची एक नळीसुद्धा घरी नेली नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही. वकिलाचं नाव घातलं की तू प्रश्न विचारणार नाहीस, म्हणून घातलं.

वकीलबाईंना परवा हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, लेखी काही आहे का? मी नाही म्हटलं.

उर्वशी, तुझ्याजवळ माझी पत्रं आहेत. ५ जुलैचं, २२ जुलैचं आणि ४ ऑगस्टचं. पोलीस पंचनामा करून गेलेत, अपघात म्हणून लिहिलंय, तसंच राहू दे. ती पत्रं चुलीत घाल. घरात दोन लहान मुलं आहेत, तुझीच भाचरं. माल गेला, भाडं गेलं, आता मीही गेलो तर त्यांच्याकडे कोण बघेल. सुकरीबाईला मी जन्मभर पोसेन, हे तुला लिहून देतो. हेही हवं तर जाळ, पण मी देईन.

नाल्याचं पाणी उतरलं की प्रवीण ड्रायव्हरला पाठवतो. तो अडकलेला ट्रक घेऊन येईल. तो एक तरी विकून हप्ते भरतो.

तुझा भाऊ,
धनराज


कोहकाटोला
२३ ऑगस्ट २०२४

भाऊ,

प्रवीण आला होता. त्याच्याबरोबरच हे पत्र पाठवते, ट्रक मात्र येणार नाही. त्याला कोणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. चहा पाजला. तो गाडीकडे गेला तर पुढच्या चाकासमोर सोनीबाई बसलेली, मागच्या चाकाजवळ आणखी दहा-बारा बाया. प्रवीणनं तासभर वाट बघितली आणि माझ्याकडे आला.

ग्रामसभा परवा झाली. ट्रक इथेच राहणार असं ठरलं. ते विकणार नाहीत, त्याचा एक नटही काढणार नाहीत, पाऊस लागू नये म्हणून वर ताडपत्रीही घातली आहे. तू येऊन सगळ्यांसमोर, झिंगूभाऊंना आत निजायला कोणी सांगितलं ते तुझ्या तोंडानं बोलशील, तोवर तो त्यांच्याजवळ राहील. पैशाचं कोणी काढलं नाही. मी काढलं, तू सुकरीला पोसशील असं लिहिलंयस म्हणून. सुकरी म्हणाली, “मले पोसाले माहे हात हायेत. त्याले येऊ दे.”

पत्रं मी जाळली नाहीत. दोन दिवस चुलीशेजारी ठेवली होती, हे खरं. तुझी मुलं डोळ्यांसमोर येत होती, आणि माझी नोकरीही. त्या पत्रांत मी काय केलं नाही तेही लिहिलेलं आहे. मग सुकरी आली. तिला कुठून कळलं माहीत नाही, कदाचित तिनं मला पत्रं वाचताना इतक्यांदा पाहिलं होतं की तिला अंदाज होताच. दारात उभी राहून म्हणाली, “बाई, त्याले जे वाचून दाखवलं, ते आमाले वाचून दाखव.” मला नाही म्हणता आलं नाही.

ग्रामसभेला सातही टोल्यांची माणसं होती. मी सगळी वाचली, १८ जूनपासून. तुझ्या चौदा तारखेच्या पत्रातलं वकिलाचंही वाचलं. मग मी माझं सांगितलं, तापलेल्या भिंतीवरून मी हात काढून घेतला आणि घरी जाऊन निजले, ते. पत्रं आता ग्रामसभेच्या पेटीत आहेत, माझ्याकडे मागू नको.

तू एकटा ये. वकीलबाईंना आणू नको, पोलिसांना तर नकोच. ते तुला काय करतील हे मला माहीत नाही. विचारलं तर हसतात, किंवा पाऊस किती झाला ते सांगतात. पण आला नाहीस तर काय होईल, तेही मला माहीत नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. तू आलास तर मी तुझ्याशेजारी बसेन. तुझी बाजू घ्यायला नाही, पण बसेन.

एक सांगायचं राहिलं. वाचताना पाच जुलैच्या पत्रावर मी अडखळले, तेव्हा सुकरीनं मला थांबवलं. म्हणाली, त्याले जसं वाचलं तसंच वाच. झिंगूभाऊंना आयुष्यभराच्या इंजिनच्या आवाजानं उजव्या कानानं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून ‘आतच निजायचं’ हे दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. परवा ग्रामसभेतही मी ते दोनदा वाचलं.

उर्वशी